निळ्यावर सोनेरी काठी

आण्णांच्या काठीला नाव नव्हतं. घरात सगळे तिला नुसतं 'काठी' म्हणायचे. सकाळी आठ वाजता 'काठी कुठाय?' असा आण्णांचा आवाज आला की आई, दादा आणि मी हातातलं काम टाकून शोधायला लागायचो. साडेतीन फुटांचा वेत. एका टोकाला जुन्या धोतराच्या चिंध्यांचा गोळा, त्यावर लाल मखमलीचा तुकडा आणि तो सुतळीनं करकचून बांधलेला. बोर्ड रंगवताना आण्णा गोळ्याचं टोक पत्र्यावर टेकवायचे, दुसरं टोक एका हातात धरायचे आणि त्या तिरप्या काठीवर ब्रशाचा हात ठेवून अक्षर ओढायचे. त्यामुळे ओल्या रंगाला मनगट लागत नाही, हात हलत नाही आणि शिडीवर तोलही जात नाही.

कोल्हापुरात त्यांनी पस्तीस वर्षं बोर्ड रंगवले. किराणा दुकानं, तालमी, दवाखाने, पिठाच्या गिरण्या, ट्रकच्या पाठी. मग फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम बंद पडलं. काठी कपाटामागे उभी राहिली. गेल्या वर्षी मी त्या काठीचं ढालचिन्ह केलं, म्हणजे ढालीवर रंगवलेली माणसाची किंवा घराची खूण. युरोपात साधारण बाराव्या शतकापासून जशी करत आलेत तसं, त्यांचे सगळे नियम पाळून.

माझ्या मनात हे सगळं रुजलं ते २०११ मध्ये. नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही त्या वर्षी इंग्लंडला गेलो. एप्रिल महिना होता आणि जिथं तिथं राजपुत्र विल्यमच्या लग्नाचीच चर्चा. लग्नाच्या काही दिवस आधी वर्तमानपत्रात नवरीच्या, म्हणजे मिडल्टन कुटुंबाच्या नव्या ढालचिन्हाचं चित्र छापून आलं. ढालीचा एक अर्धा भाग निळा, दुसरा तांबडा. मध्ये घराच्या छपरासारखा सोनेरी पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बारीक रेघा, आणि ओकची तीन सोनेरी फळं. फळं तीन, कारण भावंडं तीन. आणि तो सोनेरी पट्टा कशासाठी? तर मुलीच्या आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ, म्हणजे सोनार.

हे वाचलं आणि मी कात्री आणून ते चित्र कापून ठेवलं. लग्नात माझं आडनाव बदललं, आईचंही बदललं होतं आणि आजीचं तर नावसुद्धा बदललं होतं. राजवाड्यात निघालेल्या मुलीच्या ढालीवर, अगदी मधोमध, तिच्या आईचं माहेर बसलेलं आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

पुढच्या महिन्यात लंडनला गेले तेव्हा सेंट पॉल कॅथीड्रलजवळचं कॉलेज ऑफ आर्म्स बघून आले. नाव कॉलेज असलं तरी ती शाळा नाही. तिसऱ्या रिचर्डनं १४८४ मध्ये सनद देऊन उभं केलेलं ते चिन्हांचं दफ्तर आहे. लंडनच्या १६६६ च्या आगीत जुनी वास्तू जळाली, नंतर बांधलेली आज उभी आहे. तिथल्या तेरा अधिकाऱ्यांची पदनावं अजून मध्ययुगातलीच: गार्टर, क्लॅरन्स्यू, ब्लूमॅन्टल, रूज ड्रॅगन. पण ते काम करतात आजच्या माणसांसाठी. एल्टन जॉनच्या ढालीवर पियानोच्या पट्ट्या आणि गाण्याच्या तबकड्या आहेत. नवं चिन्ह मंजूर झालं की त्याची सनद वासराच्या कातड्यावर आजही हातानं लिहितात, हातानं रंगवतात. बोर्ड रंगवणाऱ्याच्या मुलीला हे वाक्य वाचून काय वाटलं असेल! हातानं अक्षर काढणाऱ्याचं काम संपलं, असं मी आमच्या घरात बघितलं होतं. इथं ते राजमान्यतेनं चालू होतं.

मग मी शिकायचं ठरवलं. आम्ही राहायचो त्या गावात एक वृद्ध चित्रकार शनिवारी चार-पाच जणांना हे रंगकाम शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ब्रश हातात दिलाच नाही. फळ्यावर सात नावं लिहिली. सोनं आणि रुपं हे दोन धातू. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे पाच रंग. सोनं पिवळ्यानं दाखवलं तरी चालतं, रुपं पांढऱ्यानं. नियम एकच: धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. रणांगणावर, धुळीत, घोड्यावरून लांबचा माणूस ओळखू यायला हवा. पिवळ्यावर पांढरं दिसत नाही, निळ्यावर काळं दिसत नाही.

मला एकदम आमची गल्ली आठवली. मी सातवीत असेन. एका डॉक्टरांनी पिवळ्या बोर्डावर पांढरी अक्षरं मागितली होती. आण्णांनी अस्तर मारलेला पत्रा भिंतीला टेकवला, त्यावर खडूनं नाव लिहिलं आणि डॉक्टरांना रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. ''वाचा बघू,'' म्हणाले. डॉक्टरांना वाचता येईना. ''पिवळ्यावर पांढरं लांबनं दिसत न्हाई. पेशंट म्होरल्या दवाखान्यात जाईल.'' डॉक्टर हसले आणि निळा बोर्ड ठरला.

शिक्षकांना ही गोष्ट माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तुझ्या वडिलांना हा विषय येतो.

या विद्येतलं मला सगळ्यात आवडतं ते तिचं शब्दांवर उभं असणं. ढालचिन्हाचं मूळ चित्रात नसतं. ते एका वाक्यात असतं. आधी भूमी कुठल्या रंगाची, मग तिच्यावरची मुख्य वस्तू, मग तिच्या आसपासचं. ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या शब्दांत. त्या वाक्यावरून कुठल्याही चित्रकारानं चित्र काढावं. सिंह कुणाचा हडकुळा निघेल, कुणाचा गुबगुबीत, एकाच्या शेपटीला तीन वळणं असतील, दुसऱ्याच्या पाच. वाक्य पाळलं असेल तर सगळी चित्रं बरोबर. आमचं कोल्हापूर अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, त्यामुळे हे समजायला मला अडचण आली नाही. बंदिश तीच, पण मन्सूरअण्णांकडून ऐकली तर एक, किशोरीताईंकडून ऐकली तर वेगळी, आणि दोन्हीकडे ती बंदिशच असते.

मागे-पुढे कुणी हे करायचं मनावर घेणार असेल, तर एक गोष्ट कळकळीनं सांगते. आडनावाचं चिन्ह नावाचा प्रकार विकत घेऊ नका. मला एकानं वाढदिवसाला एक मग भेट दिला होता. त्यावर आमचं मराठी आडनाव, दोन सिंह, एक मुकुट आणि खाली 'कुलचिन्ह' असं छापलेलं. कुठल्या तरी दुकानात आडनाव टंकलं की यंत्र ते काढून देतं. देणाऱ्याचं मन चांगलं होतं, पण मला फार वाईट वाटलं. त्या सिंहांचा आमच्या घराशी काय संबंध? इंग्लंड-स्कॉटलंडच्या कायद्यात चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. स्कॉटलंडमध्ये तर दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून लावलं तर लॉर्ड लायन या चिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात खटला होऊ शकतो. म्हणूनच मी 'कुलचिन्ह' हा शब्द टाळते. त्यात कुळाचा आणि मोठेपणाचा वास येतो, आणि मला त्यातलं काहीच सांगायचं नव्हतं.

बरं, मोठेपणा ही अट मुळात सगळीकडे कधी नव्हतीच. चौदाव्या शतकात बार्तोलो नावाच्या इटालियन कायदेपंडितानं लिहून ठेवलं की माणूस जसं नाव घेतो तसं चिन्हही घेऊ शकतो, फक्त त्यानं दुसऱ्याच्या चिन्हाला धक्का लागू नये. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, जर्मनी या भागांत सुतारांनी, खाटकांनी, शेतकऱ्यांनी शतकानुशतकं आपापली चिन्हं लावली. भारतात माणसांना चिन्ह देणारं असं दफ्तर नाही. राजमुद्रेतले सिंह वापरायला कायद्यानं बंदी आहे, तेवढं पाळलं की बाकी आपली आपण निवड करायची.

आणि विसाव्या शतकातलं माझं सगळ्यात आवडतं चिन्ह एका शास्त्रज्ञाचं आहे. नील्स बोर यांना १९४७ मध्ये डेन्मार्कचा हत्तीचा सन्मान (ऑर्डर ऑफ द एलिफंट) मिळाला. त्या सन्मानाबरोबर फ्रेडरिक्सबोर्गच्या किल्ल्यात आपलं ढालचिन्ह लावायचं असतं. बोर यांच्याकडे नव्हतं. त्यांनी ढालीवर चिनी यिन-यांगचं वर्तुळ घेतलं आणि सोबत लॅटिनमध्ये लिहिलं, 'विरोधी ते परस्परपूरक'. जन्मभर ज्या कोड्याशी झुंजले ते एका वर्तुळात बसवलं. यात पूर्वजांची फुशारकी कुठंय?

इंग्लंडहून आम्ही २०१४ मध्ये पुण्याला परत आलो. मित्रमंडळींसाठी मी अधूनमधून अशी चिन्हं करत राहिले. मराठी आडनावं या कामासाठी खाणच आहेत. युरोपात नावावर कोटी करणाऱ्या चिन्हांना 'बोलकी चिन्हं' म्हणतात. बोज-लायन घराण्याच्या ढालीवर धनुष्यं आणि सिंह आहेत, कारण बो म्हणजे धनुष्य. आपल्याकडे मोरे, गरुड, वाघमारे, नांगरे. एका मोरे कुटुंबासाठी मोर काढला, तेव्हा त्यांच्या मुलानं पिसातले डोळे मोजून घेतले होते. स्वतःसाठी मात्र कधी केलं नाही. आमच्या आडनावात कुठला प्राणी नाही.

गेल्या वर्षी आण्णांचे डोळे तपासायला त्यांना पुण्याला आणलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून ते समोरच्या पाटीकडे बघत होते आणि त्यांचा हात मांडीवर हवेत तिरपा धरलेला होता, काठी धरल्यासारखा. डोळ्यांनी ते अक्षर काढत होते. घरी आल्यावर मी विजेच्या बिलाच्या मागे पहिलं रेखाटन केलं.

पहिल्या रेखाटनात सगळं होतं. ब्रश, रंगाचा डबा, शिडी, रंकाळा, अंबाबाईच्या देवळाचं शिखर, दादासाठी आणि माझ्यासाठी दोन तारे. एवढं ढालीवर कोंबलं की ती ढाल राहत नाही, लग्नपत्रिका होते. आमचे शिक्षक म्हणायचे, तुझं चिन्ह फोनवर दुसऱ्याला सांग, त्यानं न बघता बरोबर काढलं तर ते झालं. मी एकेक वस्तू काढत गेले. रंकाळा गेला, शिखर गेलं. शिडी कुठल्याही रंगाऱ्याकडे असते. ब्रश सगळ्या चित्रकारांकडे असतो. शेवटी ढालीवर एकटी काठी उरली, तिरपी. निळ्या भूमीवर सोनेरी, कारण आण्णांचे निम्मे बोर्ड निळ्यावर पिवळे होते. निळ्यासाठी आडव्या रेघा, सोन्यासाठी ठिपके. काळ्या शाईत रंग दाखवायची ही युक्ती पेत्रा सांक्ता या पाद्र्यानं १६३८ च्या ग्रंथातून रूढ केली, आणि बॉलपेनाला ती अजून उपयोगी पडते.

चित्राकडे बघून मी खूश झाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, हे चिन्ह तर स्क्रोपचं आहे.

निळ्या भूमीवर सोनेरी तिरपा पट्टा. या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला भेटतो. १३८५ मध्ये दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या फौजेत दोन सरदारांच्या अंगावर एकच चिन्ह निघालं: यॉर्कशरचा रिचर्ड स्क्रोप आणि चेशरचा रॉबर्ट ग्रोव्हनर. दोघंही म्हणे आमचं. स्क्रोपनं खटला भरला आणि तो चार-पाच वर्षं चालला. शेकडो साक्षी झाल्या. म्हातारे सरदार, मठाधिपती येऊन सांगायचे की अमक्या लढाईत, तमक्या चर्चच्या खिडकीत हे चिन्ह आम्ही स्क्रोपच्या घराण्याचं म्हणून बघितलं आहे.

या साक्षीदारांत कवी चॉसर होता. त्यानं १३८६ मध्ये सांगितलेली हकिगत मला तोंडपाठ आहे. तो लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून चालला होता. एका घराबाहेर नवी पाटी टांगलेली दिसली, तिच्यावर हे चिन्ह. त्यानं विचारलं, ही कुठली खानावळ, जिनं स्क्रोपचं चिन्ह बाहेर लावलंय? तर उत्तर मिळालं, नाही साहेब, हे स्क्रोपचं नव्हे, चेशरच्या ग्रोव्हनर नावाच्या सरदाराचं आहे. चॉसर म्हणतो, त्या दिवसाआधी मी ग्रोव्हनरचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

म्हणजे इंग्रजी चिन्हशास्त्राच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यात एका रंगवलेल्या पाटीची साक्ष आहे. ती पाटी कुणी रंगवली त्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही. पण सहाशे वर्षांपूर्वी लंडनच्या त्या गल्लीत कुणी तरी शिडीवर चढून निळ्यावर सोनेरी पट्टा ओढला होता, आणि तो इतका स्वच्छ होता की रस्त्यानं जाणारा कवी थबकला. त्या माणसाबद्दल मला अतोनात आपुलकी वाटते.

१३८९ मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला. ग्रोव्हनरनं रुपेरी काठ लावून तेच चिन्ह ठेवावं, अशी तोड काढली होती. त्याला ती पटली नाही, तो राजाकडे गेला. १३९० मध्ये राजानं काठाचीही सवलत काढून घेतली. मग ग्रोव्हनरनं निळ्या भूमीवर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. पण त्या घराण्यानं ही गोष्ट विसरायला फार वेळ घेतला. पाचशे वर्षांनी, १८८० मध्ये, त्यांच्या वंशजाच्या घोड्यानं डर्बी जिंकली. घोड्याचं नाव होतं बेंड ऑर, म्हणजे सोनेरी तिरपा पट्टा.

भारतात बसून मी स्क्रोपचं चिन्ह लावलं असतं तरी मला कुणी विचारलं नसतं. पण शोध घ्यायची सगळी मजा तिथंच मेली असती. दुसऱ्याच्या चिन्हाला धक्का लागू नये, अशी अट बार्तोलोनं घातली होती. ती मोडून मी आण्णांना काय दाखवणार?

तेव्हा काठीला काठीसारखंच काढायचं ठरवलं. वरच्या टोकाला गोळा. आणि ढालीच्या माथ्यावर एक आडवा पट्टा. या विद्येत माथ्यावरचा असा पट्टा ही जुनी, मान्य वस्तू आहे, पण मी तो घेतला ती शिरोरेषा म्हणून. आण्णा कुठल्याही बोर्डावर आधी खडूच्या दोरीनं वरची रेघ मारायचे, मग तिला अक्षरं टांगायचे. रोमन लिपीतल्या कुणाला ही रेघ सुचली नसती.

अडचण आली गोळ्याची. तो लाल होता. निळ्यावर लाल म्हणजे रंगावर रंग. नियमात बसत नाही, आणि खरोखर लांबून काळा ठिपका दिसतो. मी तो रुपेरी केला. थोडं चुटपुटलं, पण नियम म्हणजे नियम.

याच दिवसांत मला जुन्या मराठी कागदांतला एक शब्द परत परत आठवत होता. शिवकालीन आणि पेशवाईतल्या गावच्या महजरांवर, खरेदीखतांवर पाटलाच्या नावाशेजारी 'निशाणी नांगर' असं लिहून नांगराचं छोटं चित्र काढलेलं असतं. बाजारपेठेच्या शेट्याची निशाणी तराजू. लिहिता येवो न येवो, ज्याच्या हातात जे अवजार ते त्याची सही. चिन्ह म्हटलं की आपल्याला राजेरजवाडे आठवतात, पण आपल्या राजाची मुद्रा तर अक्षरांची आहे. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हा सगळा श्लोक, चित्र एकही नाही. चित्र काढून सही करत होता तो गावचा पाटील, आणि तेही नांगराचं. माझ्या मते ढालचिन्हाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'निशाणी' हाच आहे.

युरोपची ढाल आपल्याकडे आली ती मात्र दरबारातून. सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट केलं, तेव्हा त्यांच्या चिन्हात घाटाच्या डोंगरांवर उगवणारा सूर्य आणि दोन मधमाश्या आल्या. ब्रीदवाक्य, 'उद्योग आणि औदार्य'. बाटल्या विकून सुरुवात केलेल्या माणसाला मधमाशी शोभते. मुंबईच्या पूर्वेला सूर्य खरंच डोंगरांवरून येतो, त्यामुळे हे चिन्ह मला जवळचं वाटतं. वीस वर्षांनी, १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी, रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी अधिकाऱ्यानं नव्वदेक संस्थानांची चिन्हं एकट्यानं तयार केली आणि ती रेशमी निशाणांवर चढली. बडोद्याचं 'जिन घर, जिन तख्त' हे ब्रीद सुंदर आहे, शिंद्यांचा नाग देखणा आहे. तरी एका माणसानं एवढ्या जणांना एका दमात ओळखी वाटाव्यात, हे मला पटत नाही. निशाणी ज्याची त्यानं शोधावी, निदान शोधताना शेजारी तरी बसावं.

रंगवायला घेतलं ते पावसाळ्यात, आणि तिथं माझं चुकलं. सोन्याचा वर्ख कागदावर नुसता चिकटवत नाहीत. आधी विझवलेलं प्लास्टर, सरस, चिमूटभर साखर आणि तांबूस माती घोटून त्याचा जाडसर लेप देतात. लेप वाळला की उंचवट्यासारखा दिसतो. मग कागदाची बारीक नळी करून त्यावर तोंडानं वाफ सोडायची. साखर त्या वाफेतलं पाणी ओढून घेते, लेप क्षणभर चिकट होतो आणि तेवढ्यात वर्ख दाबायचा. नंतर अकीकाच्या दगडानं घोटायचं. इंग्लंडमध्ये वाफ कमी पडायची. पुण्यात जुलैत हवाच इतकी ओली की लेप आपणहून चिकट झालेला, वर्ख नको तिथं बसला आणि अकीक फिरवताच काठीच्या मध्यावर सोन्याची साल निघाली. पुणे हातकागद संस्थेचा जाड कागद, त्यावर दोन आठवड्यांचं काम, सगळं बाजूला ठेवलं.

नोव्हेंबरात पुन्हा बसले. पहाटे पाचला, पंखा बंद, खिडकी बंद. नळीतून एक खोल, सावकाश उच्छ्वास, आणि वर्ख लेपावर असा उतरला की जणू त्याची तिथली जागा ठरलेलीच होती. अर्ध्या तासानं अकीक फिरवला. आधी सोनं मंद पिवळं असतं. मग दगडाखाली एक रेघ उजळते, तिच्या शेजारी दुसरी, आणि मग सगळी काठी एकदम धातूची होते, तिच्यात खिडकीची चौकट दिसते. त्या क्षणासाठी मी हे काम करते.

डिसेंबरात चित्र घेऊन कोल्हापूरला गेले. आण्णांनी ते हातात घेतलं, चष्मा काढला, परत घातला. मग मला म्हणाले, ''तिकडं भिंतीला लाव.'' मी समोरच्या भिंतीला टेकवलं. ते उठून दारापर्यंत चालत गेले आणि तिथून बघितलं. बोर्ड तपासायची त्यांची हीच पद्धत.

''काठी माझीच हाय,'' म्हणाले.

''कशावरनं ओळखलंत?''

त्यांनी डावा हात वर केला, ब्रश धरल्यासारखा. उजव्या हातानं खाली काठी धरली, गोळ्याचं टोक वर डावीकडे टेकवलं. ''बाकी पेंटरांची हिकडनं तिकडं जाती. माझी अशी.''

आण्णा डावखुरे आहेत. जन्मभर मी त्यांना डाव्या हातानं अक्षर काढताना बघितलं, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे पट्टा वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात नेला होता. ढालीची बाजू ढाल धरणाऱ्याकडून मोजतात, त्यामुळे बघणाऱ्याचा डावा कोपरा हा धरणाऱ्याचा उजवा, आणि पट्टा तिथून सुरू होणं ही सरळ दिशा. उजव्या हातानं रंगवणाऱ्याची काठी उलटी जाते, आणि उलट्या पट्ट्याला तिकडच्या कादंबऱ्यांनी अनौरसपणाचा कलंक चिकटवून ठेवलाय. आमच्या घरात काठी सरळच होती. ''डाव्या हाताला ती लागतीच,'' आण्णा म्हणाले. ''आपण डावीकडनं उजवीकडं लिवतो. डावखुऱ्याचा हात ओल्या अक्षरावरनंच जातो. काठी नसती तर मी पेंटर झालोच नसतो.''

मग म्हणाले, ''रेघ लई जाड काढलीयास. अक्षर दबंल.'' माथ्याचा पट्टा रूढीनं ढालीचा तिसरा हिस्सा असतो. पण वाक्यात जाडी लिहिलेली नसते, ती चित्रकाराच्या हातात असते, हे मी त्यांना सांगितलं.

''कसलं वाक्य?''

मी वहीच्या पानावर लिहून दिलं. निळी भूमी, तिच्यावर सोनेरी तिरपी काठी, माथ्याशी रुपेरी गोळा, वर रुपेरी शिरोरेषा.

तीन दिवस ते परड्यात होते. शटर दुरुस्तीतून उरलेला पत्र्याचा तुकडा शोधला, घासला, अस्तर मारलं. कपाटामागची काठी बाहेर काढली. सुतळी सैल झाली होती ती आईनं नवी बांधून दिली. माझं चित्र त्यांनी आत ठेवायला लावलं, जवळ घेतलं फक्त वहीचं पान. काठीचं चित्र काठीवरच हात टेकवून निघालं.

तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. पत्र्यावरची ढाल गोल होती, मावळ्याच्या पाठीवरची. वाक्यात ढालीचा आकारही लिहिलेला नव्हता. शिरोरेषा बारीक, बोटभर. काठीच्या खाली उजवीकडे त्यांनी गडद निळ्याची शेड दिली होती, पस्तीस वर्षं अक्षरांना देत आले तशी, त्यामुळे काठी पत्र्यापासून सुटून उभी दिसत होती. आणि गोळा लाल होता.

''आण्णा, निळ्यावर लाल दिसत नाही, तुम्हीच सांगायचा.''

''लांब जा.''

मी दारापर्यंत गेले. गोळा लखलखीत दिसत होता. त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाची केसासारखी बारीक कड होती.

''कड दिली की बसतंय,'' आण्णा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवत म्हणाले. ''गोळा लालच हुता. रुपेरी कशाला करायचा?''

ब्रिटनच्या झेंड्यावर लाल क्रूस निळ्यावर बसतो तो असाच, पांढऱ्या कडेनं. १६०६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन राज्यांचे झेंडे एकत्र करताना तिथल्या लोकांपुढे हीच अडचण होती आणि त्यांनी हीच वाट काढली. मी ती शिकले होते, परीक्षेसारखी पाठ केली होती, आणि स्वतःच्या ढालीपाशी विसरले होते.

वहीचं पान मागून घेतलं. 'रुपेरी गोळा' खोडून 'रुपेरी कडेचा तांबडा गोळा' असं लिहिलं आणि खाली तारीख टाकली. आण्णांनी ते वाचलं, आणि पान पुढं ओढून तारखेशेजारी बॉलपेनानं, डाव्या हातानं, बोटभर लांबीची एक तिरपी काठी काढली.